मान्य यादीतील यंत्र : अमेरिकेतील कलनशास्त्राची परीक्षा आणि आलेख काढणारा कॅल्क्युलेटर

अमेरिकेतील माध्यमिक शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत ज्या विद्यार्थ्यांची गणितात चांगली गती असते, ते 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' या योजनेखाली कलनशास्त्र शिकतात. म्हणजे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास शाळेतच पुरा करतात आणि मे महिन्यात 'कॉलेज बोर्ड' या संस्थेची परीक्षा देतात, जिच्यात चांगली श्रेणी मिळाल्यास अनेक विद्यापीठे तेवढ्या अभ्यासक्रमातून सूट देतात. कॉलेज बोर्डाच्या या परीक्षा १९५६ पासून चालू आहेत आणि १९६९ मध्ये कलनशास्त्राच्या परीक्षेचे 'एबी' व 'बीसी' असे दोन स्तर झाले, त्यांपैकी दुसरा अधिक व्यापक. १९९५ पासून या परीक्षेच्या एका भागासाठी आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला, आणि तो कोणता चालेल हे सांगणारी एक मान्य यादी कॉलेज बोर्ड प्रसिद्ध करू लागले. वरवर पाहता ही यादी म्हणजे पालकांच्या खरेदीची सोय. परंतु तिच्यात कोणते यंत्र आले आणि कोणते बाहेर राहिले याचा माग काढला, तर गणित म्हणजे काय या प्रश्नाइतकाच, पर्यवेक्षकाला वर्गात फिरताना नजरेने काय ओळखता येईल हा प्रश्नही तिच्यामागे होता असे दिसते, आणि सीमारेषा आखण्याची वेळ आली तेव्हा बहुधा या दुसऱ्या प्रश्नाचीच सरशी झाली.

परीक्षेत गणनेचे साधन चालू देणे ही गोष्ट नवी नव्हती. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदमची कल्पना प्रसिद्ध केली आणि हेन्री ब्रिग्जने लवकरच १० या पायावरची कोष्टके तयार केली, तेव्हापासून गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी करून देणारे हे छापील पुस्तक खगोलशास्त्रज्ञ, खलाशी आणि पुढे विद्यार्थी यांच्या हाती राहिले. महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगटेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही, अशी सूचना छापलेली असते. त्यामुळे येथील वाचकाला हे साधन परके नाही. लॉगटेबलाचा परीक्षेच्या दृष्टीने मोठा गुण असा की त्यात सर्वांना सारखेच मिळते: कोणाच्याही पुस्तकात २ चा लॉग ०.३०१० च असतो, पुस्तकाला स्मृती नसते, आणि कोऱ्या जागेत काही लिहिले असेल तर पान उलटताच ते पर्यवेक्षकाला दिसते. सतराव्या शतकातच विल्यम ऑट्रेडने हीच कोष्टके सरकत्या पट्ट्यांवर उतरवली. ती स्लाइडरूल तीनेक अंकांपर्यंतच अचूक उत्तर देई आणि दशांशचिन्ह कोठे द्यायचे हे वापरणाऱ्याच्या डोक्यावर सोडी, म्हणून तिच्याविरुद्धही कोणी फारशी तक्रार केली नाही.

ही घडी १९७२ मध्ये विस्कटली. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने त्या वर्षी एचपी-३५ हा खिशात मावणारा, साइन, कोसाइन, लॉगॅरिदम एका कळीसरशी देणारा कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आणला. किंमत अभियंत्याच्या आवाक्यातली होती, विद्यार्थ्याच्या नव्हे. पण दोनच वर्षांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एसआर-५० निम्म्याहून कमी किमतीत आला आणि १९७६ मध्ये अमेरिकेतील स्लाइडरूलचे नामांकित कारखानदार कॉयफेल अँड एसर यांनी ते उत्पादन बंद केले. सुमारे साडेतीनशे वर्षे चाललेले साधन चार-पाच वर्षांत अडगळीत गेले. गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९७४ मध्येच वर्गात कॅल्क्युलेटर वापरण्याला अनुकूल मत दिले होते आणि १९८० च्या आपल्या शिफारसपत्रात सर्व इयत्तांत त्याचा पुरेपूर उपयोग व्हावा असे सांगितले. मात्र वर्गातले स्वागत आणि परीक्षेतला प्रवेश यांत अंतर असते, ते पुढे दिसून आले.

कलनशास्त्राच्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेत १९८३ आणि १९८४ या दोन वर्षी कॅल्क्युलेटर आणण्याची मुभा होती, सक्ती नव्हती. १९८५ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली आणि १९९२ पर्यंत परीक्षा पुन्हा कागद-पेन्सिलीवरच चालली. मागे घेण्याचे मुख्य कारण समन्यायाचे होते: ज्याच्याकडे यंत्र आहे आणि ज्याच्याकडे नाही अशा दोन परीक्षार्थींना एकच प्रश्नपत्रिका देणे योग्य नव्हते. पण त्यामागे एक तर्कशुद्ध अडचणही होती, आणि ती या साऱ्या इतिहासाचे मर्म म्हणता येईल. जे साधन ऐच्छिक असते त्याचा प्रश्नपत्रिकेला उपयोग करून घेता येत नाही. प्रश्न काढणाऱ्याला आकडे असे निवडावे लागतात की यंत्राने काही लाभ होऊ नये, म्हणजे यंत्र आत येते ते निरुपयोगी होऊनच. तेव्हा वाटा दोनच राहतात, पूर्ण बंदी किंवा पूर्ण सक्ती, आणि सक्ती करायची तर कोणत्या यंत्राची हे ठरवणारी यादी ओघानेच येते.

बंदीच्या त्या आठ वर्षांत यंत्र मात्र थांबले नव्हते. १९८५ मध्ये कॅसिओने एफएक्स-७०००जी हा फलनाचा आलेख लहानशा पडद्यावर काढून दाखवणारा पहिला कॅल्क्युलेटर विक्रीस आणला. फलन म्हणजे एका राशीवरून दुसरी राशी ठरवणारा नियम. त्याचा आलेख हाताने काढायचा तर दहा-वीस बिंदू मोजावे लागत, ते काम आता काही सेकंदांत होऊ लागले. ओहायो राज्य विद्यापीठातील फ्रँकलिन डेमाना आणि बर्ट वेट्स या दोन प्राध्यापकांनी या यंत्राभोवती अध्यापनाची एक पद्धतच उभी केली, देशभरच्या शिक्षकांना तिचे प्रशिक्षण देण्याची चळवळ चालवली, आणि त्यांच्या सल्ल्याचा लाभ घेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९० मध्ये शाळेसाठीच बेतलेला टीआय-८१ काढला. याच सुमारास विद्यापीठांतील कलनशास्त्राच्या अध्यापनाविषयीही असंतोष वाढला होता. जानेवारी १९८६ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठात भरलेल्या परिषदेत, जाडजूड पाठ्यपुस्तके आणि ठरावीक रीतींची घोकंपट्टी सोडून अभ्यासक्रम सुटसुटीत आणि चैतन्यशील करण्याचा विचार मांडला गेला. पुढच्या सुधारित पाठ्यपुस्तकांनी प्रत्येक संकल्पना आलेखातून, आकड्यांच्या कोष्टकातून आणि सूत्रातून अशा तिन्ही अंगांनी शिकवावी असा आग्रह धरला, आणि यांपैकी पहिल्या दोन अंगांना स्वस्त यंत्राशिवाय गती नव्हती.

या पार्श्वभूमीवर कॉलेज बोर्डाने दोन पायऱ्यांनी पाऊल उचलले. १९९३ आणि १९९४ मध्ये परीक्षेच्या एका भागासाठी साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आवश्यक झाला आणि १९९५ मध्ये त्याची जागा आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरने घेतली. प्रश्न यंत्रावर अवलंबून असणार तर प्रत्येकाच्या यंत्रात किमान काय असले पाहिजे हे सांगणे भाग होते, म्हणून चार क्षमता निश्चित करण्यात आल्या. पहिली, दिलेल्या चौकटीत फलनाचा आलेख काढणे. दुसरी, समीकरण आकड्यांनी सोडवणे, म्हणजे फलनाचे मूल्य कोठे शून्य होते ते शोधणे. तिसरी, एखाद्या बिंदूपाशी अवकलज काढणे, अर्थात त्या क्षणी राशी किती वेगाने बदलत आहे हे मोजणे. आणि चौथी, निश्चित समाकल काढणे, ज्याचे परिचित रूप म्हणजे दोन मर्यादांमधील वक्राखालचे क्षेत्रफळ. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. निसर्गातल्या आणि व्यवहारातल्या बहुतेक फलनांचे समाकल कोणत्याही सूत्रात बसत नाहीत. ऋण क्ष-वर्ग या घातांकाचे घंटेच्या आकाराचे परिचित फलन घेतले तरी त्याचे ० ते ३ मधील समाकल प्राथमिक सूत्रांनी काढता येत नाही, यंत्र मात्र ०.८८६ हे उत्तर लगेच देते. त्यामुळे टाकीत शिरणारे पाणी किंवा रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांचा दर यांसारखे, पूर्वी सोयीचे आकडे घालून कृत्रिम करावे लागणारे प्रश्न त्यांच्या मूळ रूपात विचारता येऊ लागले.

उत्तर लिहिण्याचे नियमही याच चौकडीतून निघाले. या चार क्रिया यंत्रावर केल्या तर पायऱ्या दाखवण्याची गरज नाही, पण कोणते समीकरण सोडवले किंवा कोणते समाकल काढले हे आधी कागदावर मांडलेच पाहिजे. याखेरीज यंत्र जे काही करून देईल, उदाहरणार्थ वक्राचे सर्वोच्च मूल्य कोठे आहे हे बोट ठेवून दाखवील, त्याला कलनशास्त्राच्या आधारे कारण दिल्याशिवाय गुण नाहीत. मांडणी गणिताच्या रूढ चिन्हांतच हवी. १ ते ५ या मर्यादांतील क्ष-वर्गाचे समाकल लिहायचे असेल तर उभे लांबट चिन्ह काढून खाली-वर मर्यादा घालाव्या लागतात. यंत्रात दाबलेली आज्ञा, 'एफएनइंट' आणि पुढे कंसात स्वल्पविरामांनी तोडलेले चार घटक, ही जशीच्या तशी उतरवलेली चालत नाही, आणि हे उदाहरण प्रश्नपत्रिकेवरील सूचनांतच दिलेले असे. दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत बरोबर हवे; चौथा अंक पाहून तिसरा वाढवला किंवा नुसताच तोडला, दोन्ही ग्राह्य. कोन मोजण्याची कळ अंशांवर राहिली आणि रेडियनवर नेली नाही, तर साइन-कोसाइनची सारी उत्तरे चुकतात, हा तर या परीक्षेतला नेहमीचा अपघात.

यंत्रावर विसंबणाऱ्याची परीक्षा पडद्यावरच कशी होते याचे एक उदाहरण येथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. १९९६ मध्ये आलेल्या आणि पुढे वर्षानुवर्षे वर्गावर्गांत दिसलेल्या टीआय-८३ चा आलेखाचा पडदा ९५ उभ्या रांगांचा आहे, म्हणजे उणे १० ते अधिक १० या नेहमीच्या चौकटीत शेजारच्या दोन बिंदूंमधले अंतर २० भागिले ९४, सुमारे ०.२१३ इतके पडते. आता 'साइन ३०क्ष' हे फलन घेतले तर या चौकटीत त्याच्या खऱ्या लाटा पंचाण्णवच्या वर आहेत. परंतु एका रांगेवरून दुसरीवर जाताना कोन जवळजवळ ६.३८ रेडियनने वाढतो, आणि एक पूर्ण फेरा ६.२८ रेडियनचा असल्याने यंत्राला प्रत्येक पावलाला केवळ ०.१० रेडियनची चढ-उतार दिसते; परिणामी पडद्यावर उमटते ती दीड लाटेची संथ, सुरेख आणि पूर्णपणे खोटी रेघ. यंत्राने चूक केलेली नसते, सांगितलेले ९५ बिंदू त्याने अचूक काढलेले असतात. चौकट कशी निवडावी आणि दिसते त्यावर केव्हा विश्वास ठेवू नये, हे ज्ञान सूत्रातूनच येते, आणि यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्या शिक्षकांचा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच होता की पडदा गणिताची जागा घेत नाही, उलट अधिक गणित मागतो.

यादीची खरी कसोटी १९९५ मध्येच लागली. त्या वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीआय-९२ काढला, ज्यात 'डिराइव्ह' या संगणकीय बीजगणित प्रणालीच्या कर्त्यांनी घडवलेली प्रणाली होती. संगणकीय बीजगणित म्हणजे आकड्यांऐवजी अक्षरांवर क्रिया करणे: असे यंत्र पदावलीचे अवयव पाडते, सूत्ररूपात अवकलन करते आणि समाकलनाचे सूत्रही देते, म्हणजे कलनशास्त्राच्या जुन्या परीक्षेतला बराचसा मजकूर कळीसरशी सोडवते. ह्यूलेट-पॅकार्डने १९८७ मध्ये एचपी-२८सी मध्ये याची सुरुवात केली होतीच. परंतु टीआय-९२ परीक्षेतून वगळला गेला तो त्याला बीजगणित येत होते म्हणून नव्हे, तर त्याला टंकयंत्रासारखा कळफलक होता म्हणून. अशा कळफलकावर प्रश्नांचा मजकूर भराभर टिपून बाहेर नेता येईल ही भीती होती. कंपनीने तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, तीच बीजगणिताची शक्ती साध्या उभ्या ठेवणीच्या टीआय-८९ मध्ये घातली, अक्षरे दुय्यम कळीमागे लपवली, आणि तो यंत्र-यादीत सुखाने येऊन बसला. गणिताच्या दृष्टीने दोन्ही यंत्रे जवळजवळ एकच होती. हा निर्णय वरवर हास्यास्पद वाटला तरी त्यात व्यवहार होता: पर्यवेक्षक कळफलक पाच पावलांवरून ओळखू शकतो, यंत्राच्या पोटात कोणती प्रणाली आहे हे ओळखू शकत नाही. महाविद्यालयीन प्रवेशाची दुसरी परीक्षा घेणाऱ्या एसीटी या संस्थेने मात्र उलट निर्णय करून टीआय-८९ सह संगणकीय बीजगणिताची यंत्रे नावानिशी बाद केली. आणि ज्या जुन्या एचपी यंत्रांना एकमेकांशी बोलण्यासाठी अवरक्त किरणांची खिडकी होती ती मात्र खिडकीवर जाड अपारदर्शक चिकटपट्टी लावून चालतील असे ठरवले. एकाच देशातल्या दोन परीक्षांसाठी त्यामुळे काही विद्यार्थ्यांना दोन यंत्रे बाळगावी लागली.

टीआय-८९ ला आत घेतल्यावर कॉलेज बोर्डाने यादी नव्हे, प्रश्नपत्रिका बदलली. वर्णनात्मक उत्तरांचा भाग २००० पासून दोन तुकड्यांत विभागला गेला, तीन प्रश्न यंत्रासह आणि तीन यंत्राविना. २०११ मध्ये हे प्रमाण दोनास चार असे झाले. ज्या प्रश्नात सूत्ररूप अवकलन किंवा समाकलन येते तो यंत्राविना भागात गेला आणि यंत्राच्या भागात असे प्रश्न राहिले की ज्यांत बीजगणित जाणणाऱ्या यंत्राला साध्या आलेख-यंत्रावर मोठी आघाडी मिळू नये. स्मृती पुसून टाकण्याची अटही या परीक्षेने घातली नाही, आणि एका विद्यार्थ्याला दोनपर्यंत यंत्रे आणू दिली. म्हणजे यंत्र कितीही हुशार असो, त्याला विचारण्याजोगे प्रश्नच मोजके ठेवायचे, असे हे धोरण होते, आणि बंदीच्या मार्गापेक्षा ते अधिक टिकाऊ ठरले.

इतर देशांनी वेगळ्या वाटा धरल्या. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २००१ मध्ये संगणकीय बीजगणितावर आधारलेला अभ्यासक्रम प्रायोगिक रीतीने सुरू केला आणि पुढे त्या यंत्राला बारावीच्या गणिताच्या मुख्य प्रवाहात आणले. त्याला तोल म्हणून एक संपूर्ण प्रश्नपत्रिका यंत्राविना ठेवली. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट, ज्याच्या शाळा मुंबई-पुण्यातही आहेत, आलेख-यंत्र आवश्यक मानते पण संगणकीय बीजगणिताला मज्जाव करते. इंग्लंडच्या २०१७ च्या नव्या ए-लेव्हल अभ्यासक्रमाने तर यंत्राकडून संख्याशास्त्रीय वितरणांच्या संभाव्यता थेट मिळाव्यात अशी अपेक्षा ठेवली, त्यामुळे संभाव्यतेची छापील कोष्टके मागे पडली, आणि तेथेही सूत्ररूप अवकलन-समाकलन करणाऱ्या यंत्रांना बंदीच राहिली. भारतात आयएससी परीक्षेने साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर स्वीकारला असला तरी जेईई आणि राज्य मंडळे यंत्रापासून दूरच आहेत.

यादीत अनेक कंपन्यांची डझनावारी नावे असली तरी अमेरिकन विद्यार्थ्याची निवड प्रत्यक्षात फार मोठी नव्हती. शिक्षक ज्या यंत्राच्या कळा फळ्यावर समजावतो आणि पाठ्यपुस्तक ज्याच्या पडद्याची चित्रे छापते तेच यंत्र घेणे शहाणपणाचे, आणि डेमाना-वेट्स यांच्या प्रशिक्षण चळवळीपासून ते यंत्र बहुतेक ठिकाणी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे होते. २००४ चा टीआय-८४ प्लस ज्या झेड-८० प्रक्रियकावर चालतो, तो झाइलॉग कंपनीने १९७६ मध्ये काढला होता. संगणकांच्या किमती वर्षागणिक कोसळत असताना हे यंत्र मात्र शंभर डॉलरच्या आसपास किंवा वरच टिकून राहिले. याचे कारण नफेखोरी एवढेच देणे अपुरे ठरेल. परीक्षेला बदल नको असतो, शिक्षकाला दरवर्षी नवे यंत्र शिकायचे नसते, आणि थोरल्या भावंडाचे यंत्र धाकट्याला चालावे ही पालकांची रास्त अपेक्षा असते. मान्य यादीने या सर्वांची सोय केली आणि त्या सोयीची किंमत गरीब शाळांना सर्वांत जड पडली. १९८५ मध्ये ज्या समन्यायाच्या कारणाने यंत्र बाहेर गेले होते ते कारण अशा रीतीने यादीच्या आतच नांदत राहिले.

पुढच्या काळात दक्षता यंत्रातच बसवण्याचा प्रयत्न झाला. २००७ च्या टीआय-एनस्पायर मालिकेत आणि नंतर इतरांच्या यंत्रांत 'परीक्षा-अवस्था' आली. ती सुरू केली की साठवलेले मजकूर व कार्यक्रम बंद होतात आणि वरच्या कडेचा लहान दिवा लुकलुकत राहून पर्यवेक्षकाला खूण देतो. हौशी कार्यक्रमकारांनी या कुलपांचीही पळवाट शोधून दाखवली, तेव्हा २०२० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या रंगीत टीआय-८४ यंत्रांवर यंत्रभाषेतील कार्यक्रम चालवण्याची सोयच काढून टाकली, आणि ज्या मुलांनी याच यंत्रांवर खेळ लिहीत संगणकशास्त्राचे पहिले धडे घेतले होते त्यांच्या समाजात त्यावरून बरीच नाराजी उमटली.

दरम्यान एली लुबेरॉफ यांनी २०११ मध्ये स्थापन केलेल्या 'डेसमॉस' या संस्थेने आलेख काढण्याचे साधन इंटरनेटवर विनामूल्य ठेवले. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा २०२४ मध्ये संगणकावर गेली तेव्हा हे साधन परीक्षेच्या पडद्यातच बसवले गेले, आणि मे २०२५ पासून कलनशास्त्राच्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेतही ते तसेच मिळू लागले. भारतातील गेट परीक्षेत पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर वापरायचा आणि स्वतःचा आणायचा नाही हा नियम त्याआधीच रुळला होता. अमेरिकेने मात्र हातातल्या यंत्राला दार बंद केले नाही, त्यामुळे मान्य यादी अजूनही निघते आणि टीआय-८४ अजूनही विकला जातो, एवढेच की तो नसल्यामुळे आता कोणाचा प्रश्न सुटायचा राहत नाही. प्रश्नपत्रिकेची घडण या बदलातही पूर्वीचीच ठेवण्यात आली: बहुपर्यायी ४५ प्रश्नांपैकी ३० आणि वर्णनात्मक ६ प्रश्नांपैकी ४ यंत्राविना सोडवायचे, म्हणजे ज्या परीक्षेने आलेख-यंत्र सक्तीचे केले तिच्यातले दोन-तृतीयांश गुण आजही कागद, पेन्सिल आणि पाठ असलेल्या सूत्रांच्या बळावरच मिळवावे लागतात.